नाटकाआधी टीम बसवा

पावसाळा लागला की महाराष्ट्रातल्या कॉलेजांमध्ये एकांकिकांच्या तालमी सुरू होतात. कुणी पुण्याच्या पुरुषोत्तम करंडकासाठी, कुणी मुंबईच्या आयएनटीसाठी, कुणी आपल्या जिल्ह्यातल्या स्पर्धेसाठी. संहिता कोणती घ्यायची, दिग्दर्शन कोण करणार, मुख्य भूमिका कुणाला, यावर रात्र रात्र खल होतो. प्रॉपर्टी कोण सांभाळणार, पैसे कुणाकडे राहणार, दोघांचं पटलं नाही तर ऐकायचं कुणाचं, हे मात्र ‘बघू नंतर’ म्हणून ढकललं जातं. तालमीतच मोडलेल्या ज्या एकांकिका मी पाहिल्या, त्यातल्या बहुतेक या ‘बघू नंतर’नेच मोडल्या. संहिता बरी होती, नटही बरे होते.

हा लेख एकांकिका बसवणाऱ्यांसाठी आहे, पण गणेश मंडळाच्या कार्यकर्त्याने, सोसायटीच्या सेक्रेटरीने किंवा ऑफिसात नवा प्रकल्प हाती घेतलेल्या माणसाने वाचला तरी वाया जाणार नाही. 1954 पासून चाललेल्या राज्य नाट्य स्पर्धेत बँकेतले, एसटीतले, शाळांमधले लोक नोकरी सांभाळून नाटक उभं करतात, त्यांच्या अडचणीही याच असतात. एकांकिकेत सगळं लवकर आणि उघडपणे घडतं, म्हणून उदाहरण तिचं घेतलं. इथे कुणाला पगार नसतो, त्यामुळे कुणाला कामावरून काढण्याचा धाक दाखवता येत नाही. मुदत थोडी असते. निकाल तासाभरात, प्रेक्षकांसमोर लागतो.

मित्रांची टीम करू नका

निदान फक्त मित्रांची तरी करू नका. मित्र आपण निवडतो ते आपल्यासारखे असतात म्हणून. त्यामुळे कट्ट्यावरच्या सहा जणांनी मिळून काढलेल्या एकांकिकेत सहाही जणांना कल्पना सुचतात, सहाही जणांना अभिनय करायचा असतो आणि सेटच्या फळ्यांना खिळे मारायला कुणी नसतं. दुसरी चूक याच्या उलट बाजूची: सगळे हुशार गोळा करणं. मेरेडिथ बेल्बिन या ब्रिटिश संशोधकाने हेन्लीच्या व्यवस्थापन महाविद्यालयात बरीच वर्षं व्यवस्थापनाच्या खेळांतले संघ तपासले. बुद्धीच्या चाचण्यांत वरचे गुण मिळवणाऱ्यांचे खास संघ त्याने बनवले आणि त्यांना ‘अपोलो’ असं नाव दिलं. हे संघ जिंकतील असं कुणालाही वाटेल. ते वारंवार तळाला गेले. प्रत्येक जण दुसऱ्याच्या मुद्द्यातली फट शोधण्यात रमला, एकमताचा निर्णय होईना आणि तातडीची साधी कामं तशीच राहिली. 1981 साली आलेल्या त्याच्या पुस्तकात हे सगळं आहे. आपल्याकडच्या नाट्यमंडळांत वावरलेल्या माणसाला ते वाचून फारसं आश्चर्य वाटणार नाही.

वेगवेगळ्या घरांतून आलेली माणसं एकत्र आली की काय होतं, याचं मराठी रंगभूमीवरचं ठळक उदाहरण म्हणजे ‘घाशीराम कोतवाल’. 16 डिसेंबर 1972 रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनने त्याचा पहिला प्रयोग केला. श्रेयनामावली पाहा. लेखन विजय तेंडुलकरांचं, त्यांची घडण पत्रकारितेतली. दिग्दर्शक जब्बार पटेल पेशाने बालरोगतज्ज्ञ. संगीत देणारे भास्कर चंदावरकर सतारीचं रीतसर शिक्षण घेतलेले आणि फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणारे. नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंदांची. नाना फडणवीस रंगवणारे मोहन आगाशे पुढे मानसोपचारतज्ज्ञ म्हणून नावाजले. चमूतले सतीश आळेकर जीवरसायनशास्त्राचे पदवीधर. या नाटकाची ओळख झालेला माणसांचा पडदा, म्हणजे ओळीने उभे राहून डोलणारे, गाणारे, मध्येच पाठ फिरवणारे ब्राह्मण, एकट्या दिग्दर्शकाच्या डोक्यातून रंगमंचावर येणं शक्यच नव्हतं. त्याला सूर लागतो, लय लागते, पदन्यास लागतो आणि शब्दही लागतो. त्यातला एक जाणकार कमी असता तर तो पडदा केवळ गर्दी दिसला असता.

पुढे संस्थेने प्रयोग थांबवले, तेव्हा या मंडळींपैकी बरेच जण बाहेर पडले आणि 1973 साली त्यांनी थिएटर अकॅडमी स्थापन केली. नाटक पुन्हा उभं राहिलं आणि परदेशातही गेलं. म्हणजे मूळची संस्था सुटली, टीम टिकली. टीम बांधताना नजर इतक्या लांबवर ठेवायला हरकत नाही.

कंदील आणायला सांगा

कुणाला काय येतं हे विचारून कळतं. कुणाचा स्वभाव कसा आहे हे विचारून कळत नाही. ‘तुला जबाबदारी घ्यायला आवडेल का?’ या प्रश्नाला पहिल्या बैठकीत नाही म्हणणारा माणूस अजून जन्मायचा आहे. त्यापेक्षा पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाला एकेक छोटं काम द्या आणि ते कसं होतं ते पाहा. समजा, चौघांना वेगवेगळं सांगितलं की एकांकिकेसाठी जुना कंदील हवा आहे.

एक जण बुधवारी किंवा रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात जाईल, घासाघीस करून कंदील उचलेल आणि काच फुटकी आहे म्हणून आणखी पैसे कमी करून घेईल. त्याला निर्मितीची बाजू द्या. दुसरी पाच कंदिलांचे फोटो पाठवेल, काळ कोणता, घर कुणाचं, असं विचारेल. वेशभूषा आणि प्रॉपर्टी तिच्या हातात निर्धास्त सोपवा. तिसरा पुठ्ठा, तार आणि जिलेटिन पेपर घेऊन रात्रीत कंदील बनवेल, जो जवळून कंदील वाटणार नाही पण शेवटच्या रांगेतून शंभर टक्के वाटेल. तो तुमचा नेपथ्यकार. चौथा काहीच आणणार नाही, मात्र का आणला नाही याची अशी काही गोष्ट सांगेल की सगळे पोट धरून हसतील. त्याला भूमिका द्या, आणि त्याच्या चपला, पगडी, चष्मा दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात ठेवा.

हे थट्टेत लिहिलं असलं तरी मुद्दा थट्टेचा नाही. चौघांपैकी कुणीच वाईट नाही. चौथ्याला निर्मितीप्रमुख केलं आणि पहिल्याला भावुक प्रेमिकाची भूमिका दिली, तर दोन चांगली माणसं आपण होऊन निकामी केली असं होईल. नंतर दोघांच्याही नावाने ‘कमिटमेंट नाही’ असं बोललं जाईल.

पैशांचं काम कुणाला द्यायचं, हे एका ओळीत सांगता येतं: गटातल्या सर्वात चिकट माणसाला, आणि तो दिग्दर्शक नसावा. टेम्पोचं भाडं, हॉलचं भाडं, वडापावची बिलं, सगळं त्याच दिवशी वहीत लिहिलं गेलं पाहिजे आणि ती वही कुणालाही कधीही बघता आली पाहिजे.

शेवटचा शब्द कुणाचा

वेगळ्या स्वभावाची माणसं एकत्र आली की मतभेद होणारच. ते टाळायच्या मागे लागू नका. मत सगळ्यांनी द्यावं, पण कोणत्या बाबतीत निर्णय कुणाचा, हे आधी ठरलेलं असावं. माझ्या मते टीम बांधण्यातलं निम्मं काम एवढंच आहे, आणि नेमकं तेच सर्वात कमी लोक करतात. आपल्याकडे दोन टोकं दिसतात. एकतर दिग्दर्शक हुकूमशहा असतो, नायिकेच्या पदराच्या रंगापासून चहात साखर किती इथपर्यंत सगळं तोच ठरवतो. नाहीतर ‘आपण सगळे मिळून ठरवू’ अशी लोकशाही असते आणि प्रयोगाच्या आदल्या रात्री दोन वाजता शेवट बदलावा का यावर मतदान चाललेलं असतं.

नाटकाच्या धंद्यात यावर जुना आणि चांगला तोडगा आहे. अधिकार कामाच्या टप्प्याप्रमाणे एकाकडून दुसऱ्याकडे जातो. वाचनं चालू आहेत तोवर संहितेबद्दल लेखकाचा शब्द अखेरचा. तालमी उभ्या राहिल्या की दिग्दर्शकाचा. मग लेखकाने कोपऱ्यात बसून ‘मला हे असं अभिप्रेत नव्हतं’ म्हणून उसासे टाकायचे नाहीत. सांगायचं असेल ते तालीम संपल्यावर दिग्दर्शकाला सांगायचं. तांत्रिक तालमीत प्रकाश, संगीत आणि दिग्दर्शन अशी तिघं समोरासमोर बसतात, प्रत्येक क्यू ठरतो, कागदावर उतरतो. त्यानंतर क्यू बदलायचा असेल तर तिघांसमोरच बदलायचा. शेवटच्या प्रसंगात अंधार कधी करायचा यावरून हमखास वाजतं. नटाला वाटतं त्याचा चेहरा आणखी थोडा दिसावा, संगीतवाल्याला वाटतं सूर पूर्ण व्हावा, प्रकाशवाल्याचा हात तर डिमरवर आधीच शिवशिवत असतो. यातलं कुणाचं बरोबर, हा प्रयोगाच्या दिवशी विचारण्याचा प्रश्न नव्हे.

आणि प्रयोगाच्या दिवशी शब्द रंगमंच व्यवस्थापकाचा. स्पर्धेत सेट लावायला आणि काढायला वेळ मोजून मिळतो. त्या मिनिटांत लेव्हल कोण उचलणार, फ्लॅट कोण बांधणार, कोण कुठल्या विंगेतून येणार, हे तोच सांगेल. दिग्दर्शकानेही त्या वेळी हातात दिलेली खुर्ची मुकाट्याने जागेवर ठेवावी. तिसरी घंटा झाली की दिग्दर्शकाने प्रेक्षागृहात जाऊन बसावं. विंगेत उभं राहून खुणा करणारा दिग्दर्शक नटांना मदत करत नाही, त्यांच्यावरचा आपला अविश्वास तेवढा त्यांना दाखवतो.

हे सगळं एका कागदावर लिहा आणि तालमीच्या खोलीत भिंतीला चिकटवा. काम, नाव, आणि कुठल्या बाबतीत त्याचा शब्द अखेरचा. तोंडी ठरलेलं चौथ्या आठवड्यात प्रत्येकाला वेगवेगळं आठवतं.

खोट काढणाऱ्याला वेळ नेमून द्या

प्रत्येक गटात एक माणूस असतो ज्याला सगळ्यात काहीतरी खटकतं. प्रवेश रंगात आलेला असतो आणि तो मध्येच म्हणतो, ‘पण 1942 साली असा पेन मिळत होता का?’ बहुतेक गट त्याला टोमणे मारून गप्प करतात. हे नुकसानीचं आहे, कारण परीक्षकांच्या टेबलावर बसलेल्या माणसालाही नेमकं तेच खटकणार असतं. फक्त त्याच्या बोलण्याची वेळ ठरवून द्या. रनथ्रू चालू असताना तोंड बंद, वहीत लिही. रनथ्रूनंतर दहा मिनिटं तुझी. एवढं केलं की त्याचा त्रास संपतो आणि उपयोग सुरू होतो. शक्यतो त्याला सहायक दिग्दर्शक करा.

मात्र नटाला सूचना एकाच तोंडातून गेल्या पाहिजेत. चार जणांनी चार सूचना दिल्या की चांगला नटही रंगमंचावर विचार करताना दिसू लागतो. इतरांनी आपलं म्हणणं सहायकाला लिहून द्यावं, दिग्दर्शकाने त्यातलं हवं ते उचलावं. काहींना सर्वांसमोर बोललेलं सोसत नाही, त्यांना बाजूला घेऊन सांगा. काहींना बाजूला घेतलं की त्यांच्या पोटात गोळा येतो, त्यांना सर्वांत सांगा. हा फरक दिग्दर्शकाला पहिल्या पंधरवड्यात कळला पाहिजे. कळत नसेल तर गटातल्या बोलक्या, सगळ्यांच्या डब्यात हात घालणाऱ्या माणसाला विचारावं. त्याला सगळं ठाऊक असतं.

तापट माणसाला असं काम द्या ज्यात त्याचं भांडण वस्तूंशी होईल. सेटचं काम त्याला मानवतं. उशिरा येणाऱ्या गुणी नटासाठी तालीम कधीही थांबवू नका. त्याच्या जागी दुसऱ्या कुणाला तरी वाचायला उभं करा आणि सुरुवात करा. दोन दिवसांत तो वेळेवर येऊ लागेल. नाही आला, तरी दुसऱ्याचं पाठांतर झालेलं असेल.

तालमी अर्ध्यावर आल्या की भांडणं होतात. ब्रूस टकमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1965 सालीच गटांच्या वाढीत वादळाचा एक टप्पा असतो असं मांडलं आहे, तेव्हा तुमच्याच गटाला दृष्ट लागली असं समजू नका. भांडण कामावरून आहे की माणसावरून, एवढंच बघा. ‘हा प्रवेश लांबलाय’ हे कामाचं. ‘तुला नेहमी स्वतःलाच मिरवायचं असतं’ हे माणसाचं. ते त्याच दिवशी, दोघांना समोर बसवून मिटवायचं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर वाद घालायला सक्त मनाई करा. तिथे तालमीची वेळ, जागा आणि कुणी काय आणायचं, एवढंच. रात्री अकरा वाजता टाइप केलेलं वाक्य सकाळी तिप्पट कडू लागतं.

गप्प माणूस गप्प का आहे

स्वभावाबद्दल बोलताना एक धोका असतो: परिस्थितीलाच आपण स्वभाव समजतो. आठ वाजले की पिशवी उचलून निघणारी मुलगी ‘सिरियस नाही’ असं म्हणण्याआधी तिच्या हॉस्टेलचं फाटक किती वाजता बंद होतं ते विचारा. शेवटची लोकल, गावाकडे जाणारी शेवटची एसटी, सकाळची अर्धवेळ नोकरी, हे सगळं वेळापत्रकात धरलेलं नसेल तर दोष वेळापत्रकाचा. लांबून येणाऱ्यांचे प्रवेश आधी घ्या, जवळ राहणाऱ्यांचे नंतर. तालीम संपायची वेळ सुरू व्हायच्या वेळेइतकीच काटेकोर पाळा. मोठे निर्णय रात्री दहानंतरच्या कट्ट्यावर घेऊ नका, कारण तिथे कोण असतं आणि कोण कधीच असू शकत नाही हे सगळ्यांना माहीत आहे.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक. पुण्या-मुंबईच्या गटांत लातूर, नंदुरबार, चंद्रपूर किंवा सावंतवाडीहून आलेलं पोर पहिल्या वाचनात एक शब्द त्याच्या बोलीत उच्चारतं, कुणीतरी हसतं, आणि पुढचे दोन महिने ते पोर तोंड उघडत नाही. मग सगळे ठरवतात की तो ‘शांत स्वभावाचा’ आहे. तो शांत नाही. त्याच्या गावात तो भजनी मंडळात मृदंग वाजवत असेल किंवा जत्रेत सोंग नाचवत असेल. ‘घाशीराम’च्या रचनेत दशावतार, खेळे अशा लोकरूपांचा केवढा वाटा आहे हे आठवलं, तर अशा मुलाला गप्प करून गट काय गमावतो ते कळेल. दिग्दर्शकाने पहिल्या हसण्याला तिथल्या तिथे अडवलं पाहिजे. नंतर कितीही गोड बोललं तरी उपयोग होत नाही.

गोष्ट बॅकस्टेजचीही निघाली पाहिजे. स्पर्धेच्या दिवशी ‘अरे आवाज कुणाचा’ अशी आरोळी उठते तेव्हा घसा सगळ्यांचा बसतो, पण वर्तमानपत्रात फोटो नटांचा येतो. हे बदलता येणार नाही. तुमच्या हातात इतकं आहे की पहिल्या वाचनालाच प्रकाश, संगीत, रंगभूषा आणि सेटची मंडळी हजर असावीत. शेवटच्या आठवड्यात बोलावलेला प्रकाशवाला फक्त दिवे लावतो. पहिल्या दिवसापासून बसलेला सांगतो की हा प्रवेश अंधारातच सुरू केला तर दोन वाक्यं वाचतील. नटांना एक दिवस लेव्हल रंगवायला लावा. ज्याच्या नखांत रंग गेला आहे तो नट घाईच्या एक्झिटलाही फ्लॅटला धक्का लागू देत नाही.

एखाद्याला खरंच वगळावं लागलं तर? आधी काम बदलून पाहा. तरीही जमत नसेल तर लवकर, एकट्याला गाठून, कारण सांगून मोकळं करा. शेवटच्या दहा दिवसांत मात्र कुणालाही काढू नका. तोवर जे चाललं ते तुम्ही चालवून घेतलेलं असतं.

बक्षिसाचा हिशोब यात मुद्दाम धरलेला नाही. 1963 पासून चालू असलेल्या पुरुषोत्तममध्ये 2022 साली परीक्षकांनी अंतिम फेरीतल्या एकाही एकांकिकेला करंडक दिला नाही, त्या निकालावर पुष्कळ चर्चा झाली. परीक्षक काय ठरवतील ते तुमच्या हातात नाही. पुढच्या जूनमध्ये गटाची पहिली बैठक बोलवाल तेव्हा यंदाच्यांपैकी किती जण येतील, हे बरंचसं तुमच्या हातात आहे.

तेव्हा संहिता निवडायला बसण्याआधी एक संध्याकाळ फक्त यासाठी काढा. कामांची यादी, नावं, कुणाचा शब्द कुठे अखेरचा, कुणाला किती वाजता घरी पोहोचायचं आहे, पैशांची वही कुणाकडे. बैठकीला सेटची आणि मेकअपची मंडळी नसतील तर ती पुढे ढकला, पण त्यांच्याशिवाय घेऊ नका.